जागा धरणारा डबा

मी डबा बोलतोय. हौसेनं नाही. स्टीलच्या भांड्यानं वाजावं, बोलू नये, असं माझं मत. पण या पोरांचा वर्ग शाळा सोडून चाललाय, वर्गाचं पुस्तक निघतंय, प्रत्येकाला एक पान, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की डब्यालाही एक पान. का, तर चार वर्षांत डबा एकही दिवस गैरहजर नव्हता म्हणे. साफ खोटं. नऊ दिवस गैरहजर होतो, आणि त्यात माझा काही दोष नव्हता. तेवढं नोंदवायचं म्हणून तोंड उघडतोय. याच वर्गातली वल्लरी, माझी मालकीण, म्हणाली, "तू मराठीत बोल, त्यांना इंग्रजीत मी सांगते." दुसरी भाषा येतेय कुठे मला?

शिक्षण म्हणाल तर शून्य. एकोणऐंशी साली पद्मनाभ खांबेटे पिंपरीच्या एका कारखान्यात लागले आणि पहिल्या पगारात त्यांनी मला घेतलं. तीन पुडं, दोन बाजूंना कड्या, वर मूठ. दुकानदारानं पोटावर ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव घातलं. तीस वर्षं कारखान्याच्या बाकावर काढली. तिथली माणसं जे बोलायचं ते तोंडावर बोलत. माझी जीभ तिथली आहे. गोड लागली नाही तर पान उलटा.

पद्मनाभ रिटायर झाले आणि मी माळ्यावर गेलो. दहा-बारा वर्षं धूळ खाल्ली. मग त्यांचा मुलगा निशिकांत नोकरीला सिंगापूरला निघाला. तेव्हा पद्मनाभांनी स्वतः शिडी लावून मला खाली काढलं, थालीपिठाची भाजणी भरली आणि नातीच्या हातात दिलं. "वल्लरी, हा घेऊन जा. हा कुणाला घाबरत नाही." तेरा वर्षांची पोर. तिला काय वाटलं कोण जाणे, पण तिनं मला मांडीवर घेऊन विमानप्रवास केला.

शाळेचा पहिला दिवस. कॅन्टीन म्हणजे नुसता कलकलाट. आठ-आठ जणांची लांब टेबलं, सगळी भरत आलेली. एक रिकामं दिसलं. वल्लरीनं मला त्याच्या मधोमध ठेवलं आणि गेली हात धुवायला. जेवायच्या आधी हात धुवायचे, ही आपली सवय.

ती परत आली तर टेबल तसंच रिकामं. भोवती पोरं ट्रे घेऊन उभी आणि बसत कुणीच नव्हतं. सगळे माझ्याकडे बघतायत.

एक उंच चिनी मुलगी पुढे आली. हुई मिन तिचं नाव. म्हणाली, "यू चोप द होल टेबल, आ?"

या गावाची रीत अशी, की टेबलावर आपली वस्तू ठेवली की जागा आपली. कागदी रुमालांचं पाकीट ठेवलं तरी चालतं, कुणी हात लावत नाही. याला इथे चोप करणं म्हणतात. आमच्याकडे चोप म्हणजे मार, पण असो. एका पाकिटानं एक जागा धरली जाते. माझ्यासारखं तीनमजली धूड मधोमध बसलेलं बघून पोरांना वाटलं, नव्या मुलीनं आठही जागा धरल्या!

वल्लरीला काहीच कळेना. ती घाबरून म्हणाली, "मी फक्त हात धुवायला गेले होते."

हुई मिन इतकी हसली की तिच्या ट्रेमधलं सूप सांडलं. "देन आय सिट, लाह," म्हणाली आणि बसली. तिच्या मागून इर्फान नावाचा मुलगा बसला, मग आणखी दोघं. चुकून धरलेली जागा ती. पण चार वर्षं टिकली.

तेव्हापासून माझा धंदाच बदलला. अन्नासाठी जन्मलो आणि जागा धरू लागलो. ज्याचा तास आधी सुटेल त्यानं मला उचलून पळायचं. इर्फान तर मला बादलीसारखा हलवत न्यायचा, आतली उसळ कढीत गेली तरी त्याला पर्वा नाही. आणि वर म्हणायचा, "अंकल इज हिअर!" अंकल म्हणजे मी.

एकदा हुई मिननं माझ्यातून थालीपिठं घरी नेली, आईला चाखवायला. दुसऱ्या दिवशी मला घासूनपुसून परत आणलं. वल्लरीची आई सुरेखा झाकण उघडून म्हणाली, "अगंबाई, रिकामा?" मग वल्लरीनं हुई मिनला समजावलं, की आमच्यात शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालायची. हुई मिन म्हणाली, "वा, सो स्ट्रिक्ट." मला वाटलं, विसरली असेल. पोरं काय लक्षात ठेवतात!

आता त्या नऊ दिवसांचं.

वर्गात आणखी एक मराठी मुलगा होता, अथर्व मोघे. क्वीन्सटाउनला राहायचा. घरी आईशी मराठी, शाळेत मात्र एक अक्षर नाही. वल्लरीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "तू मराठी ना रे?" त्यानं खांदे उडवले होते. तिसऱ्या वर्षी एके दिवशी त्याच्या टोळक्याला टेबल मिळेना. त्यांच्यातला एक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही बादली कुणाची? कसला वास येतोय!" सगळे अथर्वकडे बघायला लागले. अथर्व वाकला. माझ्या पोटावरचं नाव त्यानं वाचलं. ओठ हलले त्याचे, मी पाहिलं. त्या अख्ख्या कॅन्टीनमध्ये ते नाव वाचू शकणारा, वल्लरी सोडली तर, तो एकटा. "नो आयडिया," म्हणाला आणि मला उचलून खरकट्या ट्रेंच्या मांडणीवर नेऊन ठेवलं.

तिथून मी पडलो. पोटाला पोचा आला, एक कडी वाकली. सफाईवाल्या बाईनं मला मोरीमागच्या कपाटात टाकलं.

पुढचं मला नंतर कळलं. वल्लरी हात धुऊन आली तर टेबलावर दुसरीच पोरं. कुणी काही सांगेना. त्या दिवसापासून ती जिन्यात बसून एकटी खायला लागली. हुई मिन बोलवायला गेली की म्हणायची, "भूक नाही." घरी बापाला म्हणाली, "बाबा, मला आजोबांकडे पुण्याला पाठवा. इथे माझी जागा नाहीये." निशिकांत तिसऱ्या दिवशी पुण्यातल्या शाळांना फोन करू लागला.

हुई मिननं मला शोधलं. सफाईवाल्या बाईशी तिच्या भाषेत गोड बोलून कपाट उघडायला लावलं. तिच्या बापानं कडी सरळ केली, पोचा निघाला नाही. शनिवारी ती आंग मो किओला, वल्लरीच्या घराच्या दारात उभी. सुरेखानं दार उघडलं. पोरीनं मला दोन्ही हातांनी पुढे केलं. "आंटी, नॉट एम्प्टी, हां."

तिन्ही पुडांत तांदळाच्या शेवया होत्या. भाज्या घातलेल्या, अंडं नाही, मासळी नाही. तिची आई पहाटे उठली होती त्यासाठी. वल्लरी खोलीतून आली, तिनं झाकण उघडलं आणि तिथेच जमिनीवर बसून रडत रडत खाल्लं. निशिकांतनं पुण्याला फोन करणं थांबवलं.

गेल्या आठवड्यात शेवटचा पेपर झाला. दुपारी सगळा वर्ग कॅन्टीनला आला. स्टॉल बंद, टेबलं सगळी रिकामी. तरी इर्फाननं आधी मला मधोमध ठेवलं, मगच सगळे बसले. एकेकानं चार वर्षांतलं एकेक आठवून सांगायचं असं ठरलं. कोणी सुपाचं सांगितलं, कोणी गणिताच्या बाईंची नक्कल केली. अथर्व मागे उभा होता. त्याची पाळी आली तसा तो म्हणाला, "वल्लरी, तो डबा मी उचलला होता."

मराठीत. शाळेत पहिल्यांदा.

अथर्व पुढे म्हणाला, "नाव वाचलं होतं मी. सॉरी." हुई मिननं शब्द कळले नसूनही ओळखलं, आणि त्याच्याकडे असं बघितलं की स्टील वितळावं. त्यानं तिचीही माफी मागितली, इंग्रजीत.

वल्लरीनं माझ्या पोच्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "दीड वर्ष लागलं रे तुला?" आणि सरकून तिनं बाकावर त्याला जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला बेसनाच्या लाडवांनी गच्च भरलं आणि त्याच्या हातात ठेवलं. "खा. आणि डबा परत आण. रीत तुला माहितीये."

तर सध्या मी क्वीन्सटाउनला आहे, मोघ्यांच्या ओट्यावर. लाडू संपले. अथर्वची आई विभा विचारत होती, "कुणाचा रे हा? चकल्या घालून देऊ का?" तो म्हणाला, "नको आई, मीच करणारे." दोनदा शिरा केला. एकदा जळला, एकदा खळ झाली. आज तिसऱ्यांदा रवा भाजतोय, आणि वास बरा येतोय, एवढं म्हणतो.

शाळा सुटली म्हणून जागा सुटत नाही, पोरांनो. जिथे जाल तिथे टेबलावर काहीतरी ठेवा आणि कुणी ट्रे घेऊन उभा दिसला तर सरका.

माझं पान संपलं. पोटावरचा पोचा तसाच आहे, हात फिरवून बघा. वल्लरीची माफी मागून झाली, हुई मिनची झाली. ज्याला उचलून खरकट्यात ठेवलं त्याची अजून राहिली आहे. रवा ढवळता ढवळता मागितलीस तरी चालेल, अथर्व मोघे.