ही सुबाभूळ नव्हे

चिमीच्या तोंडात बोट घालून मी हिरवा चोथा काढला. दीड वर्षाची पोर. मी कपडे वाळत घालायला वळले तेवढ्यात फाटकाजवळच्या झाडाखाली जाऊन पान चावून मोकळी झाली. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "आधी झाड कोणतं ते सांगा. तोवर काही पाजू नका."

घरात झाडांचे जाणकार एकच, माझे धाकटे दीर. वृक्षसहलींना काय जायला लागले, तेव्हापासून जेवताना कोथिंबिरीचंही लॅटिन नाव ऐकवतात. गळ्यात भिंग अडकवून आले. मान वर करून झाड बघावं, तर नाही. बुंध्याशी फुटलेल्या धुमाऱ्याचा खालचा पाला खुडला आणि ती पिसांसारखी पानं माझ्यापुढे नाचवली.

"सुबाभूळ! विषारी असते, वहिनी. मीठपाणी पाजा, ओकारी काढा."

"सुबाभळीचे गोंडे पांढरे, गोल असतात ना? हिच्या मुठीत पिवळा, लांब तुरा आहे."

"सुकले की पिवळे पडतात." जणू फुलं त्यांना विचारूनच रंग बदलतात.

"आणि तिच्या दुसऱ्या मुठीतलं हे पान? सलग, विळ्यासारखं वाकलेलं?"

"शेजारच्या झाडाचं असेल."

शेजारी विजेचा खांब होता.

सासूबाई मीठपाण्याचा पेला घेऊन आल्यासुद्धा. धाकट्याने सांगितलं, मग काय! मी चिमीला कडेवर घट्ट धरलं आणि तो धुमारा वाकवला. खाली पिसं. जरा वर देठ चपटा, टोकाला उरलीसुरली पिसं. त्याहून वर नुसता विळा. सगळं एकाच काडीवर! देठच पसरून पानाचं काम करतो, हे मी कॉलेजात शिकले होते. भाऊजींच्या सहलीत बहुधा तेव्हा नाश्ता चालला असेल.

"आई, पेला आत न्या."

फोन स्पीकरवर टाकून मी पान आणि तुरा सांगितला. "ऑस्ट्रेलियन बाभूळ वाटतेय."

"मग एवढ्याशा पानाने घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोंड धुवा, लक्ष ठेवा, काही वेगळं वाटलं तर लगेच आणा. ओकारी मात्र मुळीच काढू नका, श्वासात अडकली तर जिवावर बेतेल."

"बाभूळच ना? मी तेच म्हणत होतो," भाऊजी म्हणाले आणि धुमाऱ्याचा फोटो काढून सहलीच्या ग्रुपवर पाठवला.

चिमीने भोकाड पसरलं, चांगलं खणखणीत. भाऊजींनी तिला गप्प करायची खूण केली. ग्रुपसाठी त्यांचं व्याख्यान रेकॉर्ड होत होतं.