वाबोचं आसन

मी एक जुना ओंडका आहे. माणसं मला आसन म्हणतात. माझ्यात खिळा नाही, सांधा नाही. बामिलेके लोकांच्या डोंगरात वाढलेल्या एकाच झाडाच्या पोटातून मला कोरून काढलंय. वर गोल बसायची जागा, खाली गोल बूड, आणि मधे पाठीला पाठ लावून उभे राहिलेले आठ पायांचे कोळी. बिळात राहणारा कोळी खोटं बोलत नाही असं आमच्याकडे मानतात, म्हणून राजाच्या सल्लागारांच्या आसनावरच तो कोरता येतो. माझे मालक वाबो तसे सल्लागार होते.

मित्रांनो, मला कोरणारा चापदा तोंडाचा फार फाटका होता. मला वाबोंच्या अंगणात ठेवून तो म्हणाला, "घ्या! आता खरं बोलावं लागंल तुम्हाला. खोटं बोललात तर खालून चावतील हे."

वाबो हसले. म्हणाले, "चावू देत. तेवढंच मऊ राहिलंय माझ्याकडं."

पंचवीस वर्षं मी त्यांना पेललं. माझ्यावर बसून ते भांडणं मिटवायचे, सलोख्याची खूण म्हणून कोलाची कडू बी फोडून अर्धी समोरच्याला द्यायचे. माझ्यावर दुसरं कुणी बसत नसे. पोरंसुद्धा मला वळसा घालून खेळायची. आमच्या मुलखात एक बोल आहे, तो तुम्ही नीट ऐका, कारण माझी सगळी गोष्ट त्यावरच उलटली. बसवला तो वारस, बसला तो चोर.

बाप आपल्या वारसाचं नाव जिवंतपणी विश्वासातल्या एकाच माणसाच्या कानात सांगतो. बाप गेल्यावर नवव्या दिवशी तो माणूस गर्दीत शिरतो, वारसाचा हात धरतो आणि त्याला आसनावर बसवतो. त्याआधी जो आपणहून टेकला, त्याला घर नाही, शेत नाही, आणि पुढे मातीतून काढून घरात जपलेल्या बापाच्या कवटीपुढे मीठ-तेल ठेवण्याचा हक्क नाही.

वाबोंना दोन मुलं. मुलगा क्वामो बंदराच्या शहरात ट्रक चालवायचा आणि वर्षातून एकदा नवा सदरा घालून यायचा. मुलगी जुइजे विधवा होऊन माहेरी आली. वाबोंच्या छातीत खोकला शिरला, तेव्हापासून सहा वर्षं तिनंच त्यांना भरवलं, धुतलं, उचललं. अळकुड्या कुटताना ती गुणगुणायची:

अळकुड्या कुटताना, मुसळ बोले धाड धाड
बापाच्या खोकल्याला, लेकीच्या हाताची आड

एका दुपारी वाबोंनी मित्राला, सिपोवोला, बोलावलं. माझ्यावर बसूनच ते त्याच्या कानाशी वाकले. मी ऐकलं. ते म्हणाले, "जुइजे."

सिपोवो दचकला. "लेक? अरे, लोक हसतील."

"मला खोकला येतो तेव्हा लोक नाही उठत, ती उठते. तिलाच बसव."

लेकीचं नाव घेणारा बाप आमच्याकडे शंभरात एक. त्या दिवशी माझ्यातले कोळीसुद्धा ताठ उभे राहिले असतील.

मग वाबो गेले. नऊ दिवसांचं रडणं सुरू झालं. पाऊस होता. छपरातून माझ्यावर थेंब पडताना जुइजेनं पाहिलं आणि मला उचलून स्वयंपाकघरात नेलं. धुरानं लाकूड टिकतं, किडा लागत नाही. रोज सकाळी ती मला पामतेल चोळी आणि पुन्हा आडवं करून ठेवी, म्हणजे चुकूनही कुणी बसू नये.

सातव्या दिवशी पन्नास माणसं जेवायला होती. ती मला तेल चोळत होती तोच बाहेरून हाक आली, आणि मला उभंच सोडून ती धावली. परतली ती चुलीपुढे. ओलं लाकूड धुपत होतं. पहाटेपासून ती कुटत होती. डोळ्यांत धूर, हाताला फोड. तिचा रोजचा बुटका पाट तिच्या मागेच असायचा. त्या दिवशी क्वामोच्या बायकोनं, मेन्येनं, तो एका म्हाताऱ्या पाहुणीला नेऊन दिला होता.

जुइजेनं मागे न बघता हात चाचपला. कडेला लाकूड लागलं. ती टेकली.

माझ्यावर.

मित्रांनो, मी लाकूड. कुरकुरता आलं असतं तर कुरकुरलो असतो असं सांगायला मला आवडलं असतं. पण खरं सांगतो, मला बरं वाटलं. किती हलकी होती ती! मला वाटलं, आली, जिची होती ती जागा तिला मिळाली.

दारात मेन्ये उभी होती. आणि तिच्यामागे ताडीचा भोपळा भरून न्यायला आलेला सिपोवो.

"अगं बाई! वन्सं, घाई झाली का? दोन दिवस दम नाही निघाला?"

जुइजे ताडकन उठली. "वहिनी, मला दिसलं नाही गं. पाट समजले मी. धूर..."

"धूर कुठाय? मला तर कोळी न् कोळी दिसतोय!" मेन्ये अंगणाकडे वळून ओरडली, "या हो, बघा! बापाची माती ओली आहे, आणि लेक बसून मोकळी!"

माणसं गोळा झाली. कुणी थुंकलं. एक म्हातारी म्हणाली, "सहा वर्षं सेवा केली म्हणे. सेवा कसली, जागा धरून ठेवली होती." लोक हसले.

"सिपोवोकाका," जुइजे हात जोडून म्हणाली, "तुम्ही तरी सांगा. मी तशी आहे का?"

सिपोवोच्या तोंडात तिचंच नाव होतं. त्यानं ते ताडीच्या घोटाबरोबर गिळलं.

नवव्या दिवशी तो गर्दीत शिरला. जुइजेच्या खांद्याजवळून त्याचा हात पुढे गेला आणि क्वामोच्या मनगटावर पडला. ढोल वाजले. क्वामो माझ्यावर बसला, आणि पहिलं वाक्य बोलला, "फारच कडक आहे हो हे. उशी नाही का?"

जुइजे बोचकं बांधत होती. सिपोवो तिच्याजवळ आला.

"पोरी, वाबोनं तुझंच नाव घेतलं होतं. पण पन्नास माणसांत बोभाटा झाला गं. मी काय करणार?"

तिनं बोचक्याची गाठ आवळली. मग म्हणाली, "मग आता सांगितलंत कशाला, काका?"

"ओझं झालं होतं जिभेवर."

"ते उतरवलंत. बरं केलंत. आता मी कुठं उतरवू?"

ती पलीकडच्या डोंगरावर गेली. लोकांच्या घरी अळकुड्या कुटते. ऐकतो की कुणी पाट पुढे केला तरी ती बसत नाही; जेवतेसुद्धा उभ्यानं. क्वामो महिन्याभरातच शहरात परतला. वाबोंच्या कवटीपुढे मीठ ठेवायला कुणी येत नाही. मला आता धूर मिळत नाही. माझ्या पोटात किडा शिरलाय आणि आठही प्रहर करकरतो.

मित्रांनो, असं आत्मवृत्त सांगणारी वस्तू शेवटी म्हणते, मला जपा. मी तसं म्हणणार नाही. किड्याला जेवू द्या. तुम्ही एवढंच करा. दमून आलेल्या माणसाला आधी बसू द्या, जागा कुणाची ते नंतर ठरवा. आणि हे वाचताना तुम्ही बसला असाल, तर जरा मान वर करून बघा. तुमच्या घरात सकाळपासून कोण उभं आहे?