मात्सोआईचे काळे अश्रू

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. 'किम-हाय' बोटीवर देवी रडते आहे ही बातमी सकाळी मासळीबाजारात फुटली आणि दुपारपर्यंत अर्धं बंदर तिथे लोटलं. कालवं फोडणाऱ्या बायका सुऱ्या टाकून आल्या, पोरं शाळा बुडवून आली, म्हातारे गुडघे धरून आले. सुकाणूच्या खोलीत फळीवर बसवलेल्या मात्सोआईच्या, दर्यावर्दींच्या समुद्रदेवीच्या, गालांवरून खरोखरच काळे ओघळ उतरत होते आणि खालच्या पितळी वाटीत थेंब थेंब जमत होते.

वाटीपाशी हॉक-लाय उभा होता. एरवी हा गृहस्थ बंदरामागच्या गल्लीत शोभेच्या माशांचं दुकान चालवायचा. महिन्यातून दोन-चारदा त्याच्या अंगात देव यायचा आणि त्या दिवशी मासे बायकोच्या हवाली व्हायचे. आज त्याने कमरेला जरीचा पट्टा बांधला होता आणि कापसाच्या बोळ्याबोळ्याने वाटीतलं तेल वाटत होता.

"आई तुमची दुखणी पिते आणि डोळ्यांतून सांडते," तो सांगत होता. "एक थेंब गुडघ्याला, दोन कंबरेला. ज्याचा विश्वास कमी, त्याला गुण उशिरा."

हे शेवटचं वाक्य मोठं सोयीचं होतं. गुण आला तर आईचा, नाही आला तर दोष गुडघ्याच्या मालकाचा.

गर्दीतून वाट काढत बिक-हा पुढे आली. बंदरावरच्या मच्छीमार शाळेत ती डिझेल इंजिन शिकवायची. पंचेचाळिशी उलटली होती, हातांच्या रेषांत वंगण कायमचं बसलं होतं. ती दर्शनाला आली नव्हती. सकाळी न्याहारीला तिचे वडील थियान-सिंग सहज बोलून गेले होते की इंजिनाला हल्ली रोज थोडं तेल जास्त घालावं लागतं. थियान-सिंग म्हणजे किम-हायचे इंजिनवाले, चाळीस वर्षं त्याच कामात. "देवी पिते म्हणतात," असंही ते म्हणाले आणि पुन्हा कांजीत मान घालून बसले. बिक-हाच्या हातातला घास तिथेच थांबला.

तिने देवीला हात जोडले, वाटीतला एक थेंब बोटावर घेतला, चोळला, हुंगला.

"हॉक-लाय दादा, जरा इंजिन बंद करता?"

दर्शनभर इंजिन चालूच ठेवलं होतं. आईला बोटीची धडधड आवडते, असं हॉक-लायचं म्हणणं होतं.

"मास्तरीणबाई, इथे वर्ग नाही भरलेला," तो म्हणाला. "आणि बाईमाणसानं मासेमारीच्या बोटीवर चढू नये, हे तुमच्या शाळेत शिकवत नाहीत वाटतं."

"इंजिन बंद पडतं तेव्हा मलाच बोलावणं येतं. तेव्हा कुणाला आठवत नाही मी बाई आहे ते."

दोन-चार खलाशी हसले. थियान-सिंगनी लेकीकडे पाहिलं आणि खाली जाऊन इंजिन बंद केलं. पाच मिनिटांत ओघळ थांबले. वाटीत एक थेंब पडला, बऱ्याच वेळाने आणखी एक, मग काहीच नाही. गर्दीत कुजबूज झाली. हॉक-लायला मात्र उत्तर शोधावं लागलं नाही. संशयी बाई समोर आली, आईने डोळे पुसले, एवढं तो बोलला आणि सगळ्यांना ते पटलंही. बिक-हाला भयंकर राग आला. इतकी माणसं, रोज वारा, ओहोटी, जाळ्याची गाठ बारकाईने पाहणारी. आणि इंजिन थांबताच थांबणारे अश्रू त्यांना दिसत नव्हते.

देवीच्या मागून एक लाल कापडाची गुंडाळी जात होती. खालच्या इंजिनापासून ती वर यायची आणि सुकाणूशेजारच्या काट्यापाशी संपायची. इंजिनात तेलाचा दाब किती आहे ते सांगणारा हा काटा. दाब पडला की इंजिन वाचवायला हातात मिनिटभरही नसतं, म्हणून तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, येता-जाता त्याच्याकडे बघतो. त्या काट्यापर्यंत तेल नेणारी नळी कापडाच्या आत होती. तिने कापडाला हात लावताच हॉक-लाय किंचाळला आणि मागे तांडेल बुन-त्सायही उभा राहिला.

"ते सोडायचं नाही," बुन-त्साय म्हणाला. "हंगाम संपेपर्यंत सोडायचं नाही, असा कौल आहे."

"आ-पे, आत कसली नळी आहे?" बंदरात वडीलधाऱ्याला आ-पे म्हणतात. त्यांच्याशी भांडतानाही म्हणतात.

"तुझ्या नळीपेक्षा बरी आहे. तुझी तर वर्षात चिरली."

हे मात्र खरं होतं. दोन वर्षांपूर्वी तांब्याची नळी बिक-हानेच बसवली होती. इंजिनापासून सरळ, ताठ, दिसायला देखणी. इंजिन हादरतं आणि तांबं हादरून हादरून कडक होतं, हे पोरांना शिकवणारी बाई मध्ये हादरे झेलणारा एक वळसा ठेवायला विसरली. नळी मानेपाशी चिरली. त्या दिवसापासून बुन-त्सायने तिला बोलावलं नाही, आणि शरद ऋतूत नवी नळी हॉक-लायने फुकट बसवून दिली. कापड गुंडाळलं, पिवळा मंतरलेला कागद डकवला, आणि यंत्र गुणी राहावं म्हणून इंजिनावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं. त्या कुरकुऱ्यांच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा, म्हणून पाकीट सगळेच ठेवतात, बिक-हाच्या वर्गातही एक होतं. पण पाकिटाखालचा बोल्ट ती आधी आवळायची.

उद्या सकाळी किम-हाय बोय माशांच्या मागावर निघणार होती. चार दिवस, उत्तरेचा वारा, खवळलेली सामुद्रधुनी. कौल असा की आईचे अश्रू थांबू नयेत म्हणून इंजिन पूर्ण वेगाने चालवायचं. आणि इंजिनाच्या खोलीत, त्या कापडापासून हातभर अंतरावर, तिचे वडील बसणार होते.

घरी जाताना ती शोभेच्या माशांच्या दुकानात शिरली. हॉक-लायची बायको भोळी होती. टाक्यांत हवा सोडायची जाड प्लॅस्टिक नळी मागितल्यावर तिने दोन वाव कापून दिली आणि वर सांगितलं, "ह्यांनीही शरदात हीच नेली होती, बोटीवर. तिथे काय करायची इतकी, मी म्हटलं."

संध्याकाळी बिक-हाने वडिलांना सगळं सांगितलं. थियान-सिंगनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. घरात ते तिला आ-हा म्हणायचे.

"बुन-त्सायला नाही कसं म्हणू, आ-हा? चाळीस वर्षं त्याच्या बोटीवर आहे."

"नाही म्हणू नका. फक्त उद्या सकाळी बघा."

सकाळी बोट निघतानाचे फटाके वाजायच्या आत तिने धक्क्यावर टेबल मांडलं. इंजिनाचं काळं तेल भरलेला, शाळेतला दाब तपासायचा हातपंप, त्याला तसाच काटा, काट्याला टोक बंद केलेली ती प्लॅस्टिक नळी, आणि नळीखाली बाजारातून आणलेलं मोठं पपनस. शेजारी चहाची कोळशाची शेगडी. लोकांना वाटलं, मास्तरीणबाई नैवेद्य दाखवतायत. हॉक-लायही बघायला आला. गर्दी जमली की त्याला राहवत नसे.

तिने नळीला बारीक सुई टोचली. पंप मारायला लागली. काटा दोन किलो दाबावर गेला, साडेतीन, साडेचार. चालत्या इंजिनात असतो तेवढाच. आणि पपनसावरून काळा ओघळ उतरू लागला.

"बघा," ती म्हणाली, "पपनस रडतंय. कुणाला गुडघ्याला हवंय?"

तिने पंप सोडला. ओघळ थांबला. पुन्हा मारला, पुन्हा सुरू. एक म्हातारी फिस्सकन हसली आणि मग तोंडावर हात धरून इकडेतिकडे बघू लागली. काल तिनेच दोन्ही गुडघे माखले होते.

"आईची नालस्ती चाललीय," हॉक-लाय म्हणाला. "टाकू या फासे. आईलाच विचारू."

देवळात चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे टाकून होय-नाही विचारतात. त्याबद्दल तो बोलत होता. बिक-हाचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"नाही टाकणार. आईला लग्न विचारा, घर विचारा, मी आड येणार नाही. नळी किती दाब सोसते हे आईला विचारायची गोष्ट नाही, नळीला विचारायची आहे. ती खोटं बोलत नाही."

असं म्हणून तिने नळीचा मधला भाग शेगडीजवळ आणला. इंजिनाची नळी धुराच्या तापल्या पाइपापासून जेवढ्या अंतरावरून जाते, तेवढाच जवळ. आणि पुन्हा पंप मारला. काटा तीनपर्यंत गेला. नळी मऊ पडली, एका जागी बोटाएवढी फुगली आणि फटकन फुटली. तेलाचा फवारा कोळशावर पडला. कमरेइतकी ज्वाळा उठली तशी पुढची रांग मागच्या रांगेवर कोसळली. बिक-हाने तयार ठेवलेलं ओलं गोणपाट शेगडीवर टाकलं.

काळा धूर सरकत बोटीकडे गेला.

थियान-सिंग पुढे झाले. बोटीवर चढले, खाली उतरले. बुन-त्साय त्यांना अडवायला निघाला आणि दोन पावलांवर थांबला. थोड्या वेळाने ते लाल कापड हातात घेऊन वर आले. तेलाने चिंब. दुसऱ्या हातात नळी होती. धुराच्या पाइपापाशी ती तपकिरी होऊन फुगली होती, आणि देवीच्या मुकुटामागे जिथे ती खिळ्यावर घासत होती तिथे केसाएवढं भोक. तिथूनच तेल कापडातून झिरपून देवीच्या गालांवर उतरत होतं.

"बुन-त्साय," ते म्हणाले, "मी याच्या शेजारी बसणार होतो."

तांडेलाने हॉक-लायकडे पाहिलं. हॉक-लायचा सगळा देव उतरला होता.

"मला वाटलं टिकेल," तो पुटपुटला. "गळायला लागली तेव्हा लोकांनीच म्हटलं, आई रडते."

"आणि तुम्ही वाटी लावलीत," बिक-हा म्हणाली. "माझी नळी चिरली तेव्हा मी म्हटलं, चूक झाली. तुमची गळली तेव्हा तुम्ही म्हणालात, चमत्कार. माझ्या चुकीवर आ-पे रागावले, बरोबर होतं. तुमच्या चुकीला सगळ्यांनी उदबत्ती लावली."

बुन-त्सायचा मुहूर्त टळत होता आणि बोय मासे कुणासाठी थांबत नाहीत. "मग तांब्याचीच लाव परत," तो कुरकुरत म्हणाला, "या खेपेला वळसा ठेवून."

बिक-हाने खांद्यावरची वेटोळी नळी खाली ठेवली. आत तेल सोसणारं रबर, वरून पोलादी तारेची वीण. रात्रीच मापाने कापून, दुप्पट दाबाने तपासून आणलेली. तिने ती वाकवून दाखवली. ही हादऱ्याबरोबर हलते, कडक होत नाही, तापानं मऊ पडत नाही. तरी ती धुराच्या पाइपापासून लांबूनच न्यायची आणि जागोजाग रबरी पट्टीने बांधायची. इंजिनाच्या तोंडाशी टाचणीएवढं भोक असलेलं बूच बसवायचं, म्हणजे पुढे कधी नळी फुटलीच तर तेलाची बारीक धार येईल, फवारा नाही. आणि कापड गुंडाळायचं नाही.

"लाल फीत तरी?" बुन-त्सायने विचारलं.

"काट्याला बांधा. नळी उघडी राहू दे, रोज डोळ्यांनी दिसू दे."

दीड तास लागला. दुपारी किम-हाय निघाली. हॉक-लाय धक्क्यावर नव्हता.

पाचव्या दिवशी ती बोय माशांनी लगडून परतली. बायकांनी आधी धक्क्यावरूनच सुकाणूच्या खोलीत डोकावून पाहिलं. मात्सोआईचे गाल धुऊन पुसून कोरडे होते. त्यातल्या एकीने काळजीने विचारलं, आई रुसली तर नाही ना.

थियान-सिंग हात पुसत वर आले. "आता तिला रडायला कारण राहिलं नाही," ते म्हणाले आणि मासे उतरवायला लागले.

ती फुटलेली नळी बिक-हाच्या वर्गात भिंतीवर टांगली आहे. नव्या मुलांना ती एकच गोष्ट सांगते: देवाला हात जरूर जोडा, पण जिथे तेल गळतं तिथे आधी नळी बघा, आणि कुणी सांगितलं की बघायचं नाही, तर सगळ्यात आधी तिथेच बघा.