बाकाखालची पिशवी

बस स्टँडवर बावीस वर्षं झाडू मारतेय. बेवारस वस्तूला हात लावायचा नाही, आधी कळवायचं, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. आज माझ्या नेहमीच्या बाकाखाली नवीकोरी निळी पिशवी दिसली. लगेच कळवलं. स्टँड रिकामा केला, प्रवाशांनी मलाच शिव्या घातल्या, पोलिसांचं कुत्रं आलं. दोन तास उन्हात उभं राहून माझ्या पायांचे तुकडे पडले.

शेवटी पिशवीतून जेवणाचा डबा निघाला. तेवढ्यात गर्दीतून माझा नवरा मान खाली घालून पुढे आला. "तू दिसली नाहीस, म्हणून ठेवून चहाला गेलो."

पोलीस साहेब माझ्यावरच उखडले. "बाई, घरचा डबा ओळखता येत नाही?"

"कसा ओळखू, साहेब? बावीस वर्षांत पहिल्यांदाच आणलाय."