मेजाला दुसरं माणूस

रविवार, १२ मार्च २०१७. दुपारी साडेतीन वाजता रेव्हरंड पद्माकर भालेराव यांनी तोआ पायोहमधल्या चर्चच्या दुसऱ्या मजल्यावर मराठी उपासना सुरू केली. समोर चोवीस खुर्च्या होत्या. सगळ्या रिकाम्या.

पहिलं गीत त्यांनी एकट्यानंच म्हटलं. खाली तमिळ मंडळी जोरात गात होती, त्यामुळे त्यांचा सूर दोनदा घसरला. मेजावर भाकर आणि द्राक्षरसाचा पेला पांढऱ्या कापडाखाली झाकलेला होता. पाळकानं प्रभुभोजन एकट्यानं घ्यायचं नाही, दृढीकरण झालेलं, म्हणजे परीक्षा घेऊन बिशपनं मंडळीत पक्कं केलेलं, दुसरं माणूस मेजाला हवंच, हा त्यांच्या मंडळीचा नियम. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मंडळीतले शेवटचे दोघे, विवेक आणि सविता, पुण्याला परत गेले, त्यानंतर नऊ रविवार ते कापड उचललं गेलं नव्हतं. ‘खाली इंग्रजी उपासनेला या की,’ असं चर्चचे लोक म्हणत. भालेराव हसत आणि पुन्हा जिना चढत.

ते अकरा वर्षांपूर्वी अहमदनगरहून या परदेशी शहरात आले. चौथ्या वर्षी पत्नी सुरेखा गेली. आता वुडलँड्सला एक खोली, आणि आठवडाभर क्लेमेंटीतल्या घरांत मुलांना मराठी वाचायला शिकवणं. येईल त्या मुलाला, कोणत्याही धर्माच्या. त्यांचे आजोबा तिशीत मिशनच्या शाळेत अक्षरं शिकले आणि वाचता आल्यावरच मेजाशी गेले. भालेरावांनी तेच धरून ठेवलं होतं.

तीन चाळीसला दार ढकलून मैत्रेयी आली. वय चौदा, हातात ओली छत्री.

“सलाम, पाळकसाहेब. सॉरी, बस लेट.”

“आई?”

“नाही येणार म्हणाली.”

स्मिता का येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. नोव्हेंबरात दृढीकरणाच्या तोंडी परीक्षेत मैत्रेयीनं दहा आज्ञा एकही शब्द न चुकता म्हटल्या. मंडळीनं माना डोलावल्या. मग भालेरावांनी स्तोत्रांचं पान पुढे केलं आणि तिला एक ओळही वाचता येईना. स्मितानं तिच्याकडून सगळं रोमन लिपीत लिहून पाठ करून घेतलं होतं. भालेरावांनी सगळ्यांसमोर कागद मागे घेतला आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी.” स्मिता त्यानंतर आली नाही. मैत्रेयी मात्र दर रविवारी येत राहिली.

आज उपासना संपल्यावर ती स्वतःच मेजापाशी गेली.

“तुम्ही म्हणालात, नेक्स्ट इयर. आता नेक्स्ट इयर आहे व्हॉट.” वाक्याच्या शेवटी ‘व्हॉट’, ‘लाह’ लावायची इथल्या मुलांची सवय तिलाही लागली होती.

“वाच मग.”

तिनं पान उघडलं. सहा ओळींना सात मिनिटं लागली. तीनदा अडली. भालेरावांच्या ओठांवर शब्द तयार होता, पण त्यांनी तो सांगितला नाही. शेवटची ओळ संपवून ती म्हणाली, “स्लो आहे, आय नो लाह.”

“माझे आजोबा याहून हळू वाचत.”

“सीरियसली?”

“वडील सांगायचे. एक ओळ, मग एक चहा.”

ती खळखळून हसली. त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

त्यांनी तिच्या दृढीकरणाचा अर्ज काढून सही केली. पेन खाली ठेवताना त्यांच्या मनात आलं, आपण हिला पास केलं की मेजासाठी माणूस मिळवलं? तिनं खरंच वाचलं होतं. तरीही प्रश्न गेला नाही. दृढीकरण करायला बिशप महिनाअखेर येणार होते. नावं बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत ऑफिसात द्यायची होती, आणि अर्जावर पालकाची सही लागत होती.

त्यांनी स्मिताला फोन केला.

“सलाम, स्मिताबाई. मैत्रेयीनं वाचलं आज.”

“मला माहीत आहे. घरी रोज वाचते. पाळकसाहेब, तुम्ही तिला चारचौघांत थांबवलंत. तेव्हा मला बाजूला घेऊन एक शब्द सांगितला असतात तर?”

“चुकलं माझं. सगळ्यांसमोर नको होतं.”

“आणि आता तुमच्याकडे कुणी उरलं नाही, म्हणून घाई?”

भालेरावांनी झाकलेल्या पेल्याकडे पाहिलं. “तेही असेल,” ते म्हणाले.

“विचार करून सांगते,” म्हणत स्मितानं फोन ठेवला.

अर्ज मैत्रेयीनं दप्तरात नेला. सोमवारी काही कळलं नाही. मंगळवारी भालेराव क्लेमेंटीत शिकवायला गेले. स्मिताची इमारत समोरच होती, पण ते रस्ता ओलांडून गेले नाहीत.

बुधवारी तीनपासून ते चर्चच्या ऑफिसबाहेर बाकावर अर्जाची वाट पाहत बसून होते. आतल्या बाईंनी दोनदा घड्याळाकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं. चार वाजून बारा मिनिटांनी मैत्रेयीचा मेसेज आला. देवनागरीत एकच शब्द होता: निघाले. सहीबद्दल काही नव्हतं.