तोंडातले खिळे

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी मौनीबाबांच्या तोंडातले खिळे सुटले.

मौनीबाबा हे गल्लीनं दिलेलं नाव. माणूस बूट दुरुस्त करणारा. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात बूट, मग खिळे धरायचे कुठे? दातांत. एकेक जिभेनं पुढे सरकवायचा, उचलायचा, ठोकायचा. चाळीस वर्षं हेच. गिऱ्हाइकानं काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "हं." मावशी, म्हणजे त्यांची बायको. ती दुकानामागच्याच खोलीत असायची, पण दिवसभरात तिच्याही वाट्याला तेवढंच यायचं.

खिळे धरून धरून दात झिजले, मग हलायला लागले. शेवटी दातांच्या डॉक्टरणीनं उरलेसुरले काढले, खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवले आणि त्याच दिवशी तोंडात कवळी घालून त्यांना घरी पाठवलं.

"उद्या मी बघेपर्यंत कवळी काढायची नाही," ती म्हणाली. "गालाला बाहेरून बर्फ लावा. उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हळूच चुळा भरा. तीन महिने कडक काही चावायचं नाही. हाडानं स्क्रू धरायला हवेत. हलले, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून."

"आणि खिळे?" मावशीनं विचारलं.

"कसले खिळे?"

मावशीनं सांगितलं. डॉक्टरणीनं कपाळाला हात लावला. "आजोबा, तोंडात खिळा दिसला तर मी पक्कड घेऊन दुकानात येईन."

"हं," आजोबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी गाल टम्म फुगले, आठवड्यात उतरले. जुळ्यांना नुकतंच वरचं खाणं सुरू झालं होतं. कुस्करलेलं केळं, कुस्करलेला बटाटा, तिघांनाही एकाच भांड्यातून. "मला दोन झाली म्हणत होते, तिसरं इथे बसलंय," लेक म्हणाली.

पंधरा दिवसांनी दुकान उघडलं. मावशी आत कपडे घड्या करत होती. हातोडीचा आवाज आला, ठक, ठक, ठक, अगदी पूर्वीच्या वेगानं. ती धावत बाहेर आली. नव्या दातांत तीन खिळे!

"अहो, थुंका! आधी थुंका ते!"

त्यांनी खिळे तळहातावर काढले. चेहरा चोरी पकडल्यासारखा. "सवय गं. हात आपोआप जातो."

तिनं स्टूल ओढलं, खिळ्यांचा डबा मांडीवर घेतला आणि एकेक खिळा त्यांच्या हातात द्यायला लागली.

"मग मी तोंडानं काय करू?"

"बोला. डॉक्टरीण म्हणालीच आहे, बोलल्यानं कवळीची सवय होते."

पहिले काही दिवस शब्दांबरोबर शिट्टी वाजायची. पण चाळीस वर्षांचं साठलेलं होतं, ते थांबतंय कुठलं! हा बूट कुणाचा, तो माणूस कुठल्या पायावर भार देतो, कुणाची टाच कशानं झिजली, सगळं बाहेर पडायला लागलं. मावशी हसून हसून बेजार.

एकदा म्हणाले, "तुझी उजवी चप्पल अंगठ्यापाशी झिजते. कायम घाईत. दर वर्षी मीच तिथे आतून दुहेरी चामडं लावतो."

मावशीच्या हातातला खिळा तसाच राहिला. हे तिला ठाऊक नव्हतं.

हिरड्या आवळल्या आणि कवळी सैल झाली, तेव्हा डॉक्टरणीनं आतून मऊ अस्तर लावलं. "म्हणजे सुखतळा घातलात," मौनीबाबा म्हणाले. डॉक्टरीण बघतच राहिली. हा माणूस बोलतो?

तीन महिन्यांनी तिनं जबड्याचा एक्स-रे काढला, चारही स्क्रू तपासले. मावशीला ते दातांतले तीन खिळे आठवत होते. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"एकही हलत नाही. आता सफरचंद खा," डॉक्टरीण म्हणाली.

वाटेतच त्यांनी एक घेतलं आणि कचकन चावलं.

"आता उद्यापासून स्टूल आत ठेवू का?" मावशीनं विचारलं.

ते चावत राहिले. मग म्हणाले, "चुंबकाची हातोडी मिळते. खिळा टोकाला आपसूक चिकटतो. तू बसायला लागलीस, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आणून खणात ठेवलीय."

"अहो! मग बोलला नाहीत ते?"

"एवढं एकच राहिलं सांगायचं."

स्टूल बाहेरच राहिलं.

जुळी नववीत होती त्या वर्षी, मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी, मौनीबाबा वारले. चुंबकाची हातोडी खणात होती, कागदात गुंडाळलेली, कोरी.