मेट्रनबाईंचा मुक्काम

मेट्रनबाईंचा पाय मोडला तो त्यांनीच दुसऱ्यांदा पुसायला लावलेल्या फरशीवर. नेहमीसारख्या झपाझप चालत, उजवीकडे कुणाला तरी सूचना देत त्या वळल्या आणि पुढच्या क्षणी आडव्या झाल्या. "कुणी हात लावू नका, मी उठते," असं म्हणाल्या खऱ्या, पण उठता काही आलं नाही.

त्या वृद्धनिवासात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. चादरी कशा घडी करायच्या, औषधं कुठल्या ट्रेमध्ये ठेवायची, खिडक्या किती उघडायच्या, सगळं त्यांनी ठरवलेलं. रहिवाशांचे नातेवाईक भेटायला आले की चमकणारी फरशी आणि सकाळी सकाळी न्हाऊनमाखून बसलेले आईवडील बघून खूश होऊन जायचे. मेट्रनबाई स्वतः एकट्याच राहायच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत अगदी वर. मुलगा आणि सून दूरच्या शहरात. प्लास्टर घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे पाय टेकायचा नाही. जिन्याचं तर नावच काढू नका."

"मग प्रश्नच काय आहे?" संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. "आपल्याकडेच राहा. इतकी मायेची देखभाल दुसरीकडे कुठे मिळणार?"

हे वाक्य संस्थेच्या माहितीपत्रकात खुद्द मेट्रनबाईंनीच लिहिलेलं होतं. आता नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

रिकामी खाट होती ती क्लचबाईंच्या खोलीत. क्लचबाईंनी उभा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवला होता. "क्लच हळू सोडा" हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की तेच नाव पडलं. आता गुडघे साथ देत नव्हते, वॉकर धरून चार पावलं टाकायच्या. जीभ मात्र अजून टॉप गिअरमध्ये होती.

"या," त्या म्हणाल्या. "खिडकीकडची बाजू माझी. बाकी सगळं तुमचंच आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे खोलीतला दिवा भपकन लागला. दारावर टकटक नाही, काही नाही.

"चला आजी, उठायचं ना आपण? अंघोळ करायची ना आपण?"

"अगं, आजी कुणाला म्हणतेस? मी आहे!"

"अय्या, मेट्रनबाई! सॉरी हं, तोंडाला सवय झालीय," रात्रपाळीची सेविका म्हणाली. "चला, आपण उठू या."

"आत्ता? बाहेर अजून उजाडलंसुद्धा नाही."

"रात्रपाळीनं सगळ्यांच्या अंघोळी उरकूनच घरी जायचं. मेट्रनबाईंचा नियम आहे, मेट्रनबाई."

"पण मला इतक्या लवकर सोसत नाही गं."

"सुरुवातीला सगळेच असं म्हणतात," सेविका मायेनं म्हणाली आणि प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी चढवायला लागली. "मग होते सवय."

पलीकडच्या खाटेवरून खुदखुद ऐकू आली. क्लचबाईंची अंघोळ आधीच उरकली होती. ओले केस विंचरून त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि दिवस उगवायचा होता.

मग चहा आला. नळी असलेल्या झाकणाच्या प्लास्टिकच्या पेल्यात, कोमट. कधीतरी एका आजोबांच्या हातावर चहा सांडला होता, तेव्हापासूनचा हा बंदोबस्त. तो करताना मेट्रनबाईंना स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. आता त्यांनी नळी ओठाला लावली आणि पेला खाली ठेवला.

"भाजलं एकाला, आणि कोमट पितोय आम्ही सगळे," क्लचबाई म्हणाल्या. "प्या, प्या. नाहीतर 'आजीनं आज चहा घेतला नाही' म्हणून डॉक्टरांना सांगतील."

रविवारी मेट्रनबाईंचे भाऊ आणि वहिनी भेटायला आले. खोली बघून वहिनी हरखून गेल्या. मग उशी सारखी करणाऱ्या सेविकेकडे वळून त्यांनी विचारलं, "जेवतात का नीट? झोप लागते का यांना?"

"वहिनी, मी इथेच आहे," मेट्रनबाई म्हणाल्या.

"हो हो, तुम्ही आराम करा," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा सेविकेला, "पोट साफ होतं ना?"

मोडला होता पाय, पण सगळे वागत होते जणू कान गेलेत. मेट्रनबाई भावाकडे आशेनं बघत राहिल्या. भाऊ घड्याळाकडे बघत होता. आणि बघता बघता मेट्रनबाईंना आठवलं, की गेली कित्येक वर्षं त्यासुद्धा नातेवाइकांना खाटेच्या त्या अंगाला उभं राहून अशीच उत्तरं देत आल्या आहेत, रहिवाशाच्या डोक्यावरून.

तरी हे सगळं त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. हसू थांबलं ते त्या आठवड्यातल्या एका दुपारी.

जेवणं झाली होती. मजला शांत होता. मेट्रनबाईंना बाथरूमला जायचं होतं, म्हणून त्यांनी घंटा दाबली. कुणी आलं नाही. परत दाबली. क्लचबाईंनी पेपरातून मान वर केली आणि परत खाली घातली. बऱ्याच वेळानं दुपारपाळीची उंच सेविका धापा टाकत दारात आली.

"मेट्रनबाई, घाई आहे का? मी एकटीच आहे हो मजल्यावर. पलीकडे एकाला अर्धवट बसवून आलेय."

"घाई आहेच. म्हणून तर बोलावलं."

"मग असं करू का, डायपर लावून देते. म्हणजे दुपारभर काळजी नको."

मेट्रनबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "डायपर? मला कशाला? मला कळतं की!"

"तुम्हाला कळतं हो," सेविका कळवळून म्हणाली, "पण मी मोकळी नाही ना." तेवढ्यात दुसरीकडे घंटा वाजली आणि ती पळाली.

मग क्लचबाई, पेपरातून डोकं न काढता, म्हणाल्या, "मलाही कळतं. तरी लावतात."

"काय सांगता! कधीपासून?"

"आल्यापासून. रोज दुपारी." त्यांनी पेपराची घडी घातली. "पहिल्यांदा मी भांडले. मग भांडायचा कंटाळा आला. आता त्या बिचारीला तरी कशाला बोलायचं?"

मेट्रनबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. दुपारच्या ओल्या चादरी कमी झाल्या म्हणून मध्यंतरी त्यांनीच सगळ्या सेविकांना शाबासकी दिली होती. कमी का झाल्या, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

"ते पुढचं पुढे," क्लचबाई म्हणाल्या. "आत्ता तुम्हाला जायचंय ना? ती व्हीलचेअर ओढा इकडे."

"मला चालवता येत नाही. नेहमी कुणीतरी ढकलतं."

"येत नाही म्हणणाऱ्यांनाच मी शिकवत आले. ओढा. आधी ब्रेक लावा. दोन्ही! हं. आता खाटेचा आधार घेऊन, चांगल्या पायावर वळा. बसा. बसलात? आता ब्रेक काढा."

मेट्रनबाई दरवाजापर्यंत गेल्या आणि चौकटीवर आपटल्या.

"रिव्हर्स! मागे बघा आधी. एकच चाक फिरवा, गाडी आपोआप वळेल. दोन्ही हात एकदम मारलेत तर सरळ भिंतीत जाल. आणि मला बघू नका, रस्ता बघा!"

वॉकर टेकत टेकत क्लचबाई मागून निघाल्या. बाथरूम होतं थेट दुसऱ्या टोकाला. वाटेत निवृत्त पोस्टमास्तर कठड्याला धरून फेऱ्या मारत होते. त्यांनी डोळे विस्फारले.

"बाजूला व्हा मास्तर," क्लचबाई ओरडल्या, "शिकाऊ आहे!"

पोस्टमास्तर भिंतीला चिकटले आणि मेट्रनबाईंना त्यांनी चक्क सलाम ठोकला. दोन दारं उघडली, दोन-चार डोकी बाहेर आली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "टाळ्या नंतर!" मेट्रनबाई दातओठ खात म्हणाल्या, कारण हसणं त्या घडीला अजिबात परवडणारं नव्हतं.

बाथरूमच्या दाराला आतून कडी नव्हती. सुरक्षिततेसाठी काढलेली. ती कुणी काढायला लावली हे सांगायची गरज नाही. क्लचबाईंनी बाहेरून दाराला पाठ लावली आणि म्हणाल्या, "निवांत बसा. मी आहे इथे."

मेट्रनबाई आधी हसल्या. पोट दुखेपर्यंत हसल्या. मग त्या हसण्याचं रडू कधी झालं ते त्यांचं त्यांनाही समजलं नाही. बाहेर क्लचबाई मुद्दाम मोठ्यानं पोस्टमास्तरांशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिल्या.

उंच सेविका आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पडला असतात तर? माझी नोकरी गेली असती!"

"तुझी नाही जायची," मेट्रनबाई म्हणाल्या. "बस इथे. दुपारी तू एकटीच का असतेस?"

सेविका घुटमळली. "तुम्हीच लावलीत ना पाळी. दुपारी सगळे झोपतात म्हणून."

"झोपतात?"

"कुठले झोपतात! पडून असतात. आणि मला तरी कुठे बरं वाटतं हो ते लावायला? माझी आई आहे घरी. पण तीन घंटा एकदम वाजल्या की मी काय तीन तुकडे करून घेऊ स्वतःचे?"

त्याच वेळी, खालच्या मजल्यावर, दोघीजणी फरशीला पॉलिश करत होत्या. रोज दुपारी करायच्या. पॉलिशच्या यंत्राची घरघर वरपर्यंत येत होती.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी व्हीलचेअरवर बसूनच सगळ्यांना बोलावलं. अध्यक्षही आले. पॉलिश आठवड्यातून एकदा होईल आणि त्या दोघी दुपारी घंटा बघतील, असं त्यांनी सांगितलं. ज्याला कळतं त्याला डायपर नाही. आत जायच्या आधी टकटक. बाथरूमला बाहेरून उघडता येईल अशी कडी. ज्यांचा हात थरथरत नाही त्यांना गरम चहा, कपात. अंघोळीची वेळ ज्याची त्यानं सांगायची.

"अहो, पण फरशीची चमक?" अध्यक्ष काकुळतीला आले. "लोक आधी तीच बघतात."

"मीपण तीच बघत होते," मेट्रनबाई म्हणाल्या आणि प्लास्टर थोडं वर उचलून दाखवलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पहिल्याच सकाळी अर्ध्या मजल्याला एकाच वेळी अंघोळ हवी होती आणि गरम पाणी संपलं. पोस्टमास्तर तर मेट्रनबाईंच्या खोलीत येऊन भांडले. "मला पहाटेच लागते! चाळीस वर्षांची सवय आहे. माझी अंघोळ का हलवलीत?" त्यांची अंघोळ परत पहाटेवर नेली. एका आजींनी कपातला चहा जिभेला चटका बसला म्हणून नाकारला आणि नळीचा पेला मागून घेतला. पॉलिशवाल्या दोघींपैकी एकीला हे काम मुळीच जमेना, तिला स्वयंपाकघरात पाठवलं. दुसरी मात्र घंटा वाजायच्या आत पोचायची.

क्लचबाईंनी दुपारची पहिली घंटा वाजवली तेव्हा त्यांना काहीच नको होतं. "बघत होते येतं का कुणी," त्या म्हणाल्या. आलेल्या बाईनं कपाळावर हात मारला आणि दोघी हसल्या.

प्लास्टर निघायच्या आदल्या रविवारी एका आजोबांची लेक तणतणत मेट्रनबाईंकडे आली. "अकरा वाजलेत आणि बाबा अजून झोपायच्या कपड्यांत! दाढी नाही, अंघोळ नाही. आधी असं नव्हतं इथे."

मेट्रनबाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि व्हीलचेअर सफाईनं वळवून म्हणाल्या, "चला, त्यांनाच विचारू."

दारावर टकटक केली. आतून "या" आल्यावरच त्या आत गेल्या. आजोबा खाटेवर मांडी घालून, केस पिंजारलेले, कपातून वाफा निघणारा चहा फुंकत बसले होते. लेकीला बघून त्यांनी सावकाश एक घोट घेतला.

"काल सामना बघत जागलो," ते म्हणाले. "येणार होतीस तर फोन करायचास ना. बस. चहा घेतेस?"